वेणी घालून मुलाखतीला जाणाऱ्या मुलींसाठी, आणि त्यांना कात्री दाखवणाऱ्यांसाठीही

आज संध्याकाळी माझी भाची महाविद्यालयातून परतली ती चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मला केस कापायचे आहेत. आजच्या आज." तिचे केस कमरेच्या खाली जातात. दहावीच्या वर्षी टायफॉइडनंतर ते मूठमूठ गळाले होते आणि ते पुन्हा वाढवायला तिने किती वर्षे घालवली, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुवारी तिची कॅम्पस मुलाखत आहे. तिच्या तयारीसाठी बाहेरून बोलावलेल्या प्रशिक्षकांनी तिला भर वर्गात उभे केले आणि सांगितले की अशी वेणी फार गावाकडची दिसते, एक तर केस खांद्यापर्यंत कापा, नाहीतर सरळ करून मोकळे सोडा, कारण कंपनीला तुम्हाला क्लायंटसमोर बसवायचे असते. वर्ग हसला. पोरगी आहेच गावाकडची, चिपळूणजवळची, शिकायला माझ्याकडे पुण्यात राहते. त्यात हसण्यासारखे काय होते, हे मला अजून कळलेले नाही.

मी तिला पोहे दिले आणि कात्री कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. मग हे लिहायला बसले.

१९९४ साली मी डोंबिवलीहून फोर्टला एका कार्यालयात मुलाखतीला गेले होते. तेव्हा माझी वेणी गुडघ्याला टेकायला चार बोटे कमी होती. आईने पहाटे उठून घट्ट त्रिपेडी वेणी घातली, शेवटी काळा रबर लावला, आणि ते रबर लेडीज डब्यात कोणाच्या तरी पिशवीच्या चेनमध्ये अडकून मशीद बंदरच्या आसपास तुटले. कार्यालयाच्या व्हरांड्यात पोहोचेपर्यंत वेणी निम्मी उलगडली होती आणि मी ती हातात धरून बाकावर बसले होते, भाजी बाजारात मेथीची जुडी धरावी तशी. शेजारी माझ्याच वयाची एक मुलगी बसली होती, त्याच एका जागेसाठी आलेली. तिने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "अहो, पाठ करा इकडे." तिच्या मांडीवर पेढ्यांचा पुठ्ठ्याचा खोका होता, सकाळी सिद्धिविनायकाला जाऊन आणलेला. तिने खोक्याचा दोरा दातांनी तोडला, बोटांनीच माझे केस विंचरले, वेणी पुन्हा घातली आणि तो लाल-पांढरा दोरा तीन वेढे देऊन बांधला. तिला आधी आत बोलावले. खोक्याचे झाकण उघडू नये म्हणून ती तो काखेत दाबून आत गेली.

ज्या प्रशिक्षकांनी आज माझ्या भाचीला उभे केले, त्यांना मला एवढेच विचारायचे आहे की त्या व्हरांड्यात ते बसले असते तर त्यांनी मला काय दिले असते? कात्री?

व्यावसायिक दिसणे म्हणजे नेमके कोणासारखे दिसणे, हे ही मंडळी कधी उघड बोलत नाहीत. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले, त्या दिवशीचे इस्रोमधील स्त्रियांचे छायाचित्र आपण सगळ्यांनीच एकमेकांना पाठवले होते. रेशमी साड्या, लांब वेण्या, वेण्यांवर गजरे आणि चेहऱ्यावर मावेनासा आनंद. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या, प्रशासकीय विभागातल्या होत्या, असे नंतर सांगण्यात आले, आणि ते मला मान्य आहे. पण गजरा माळून त्या रोज इस्रोतच कामाला जात होत्या ना? सैन्यात आणि पोलिसांत मुली लांब केसांचा घट्ट अंबाडा घालून त्यावर टोपी चढवतात आणि ऊन-पावसात उभ्या राहतात, तिथे कोणाचे काही अडत नाही. अडते ते वातानुकूलित खोलीत खुर्चीवर बसून स्वतःबद्दल चार वाक्ये बोलायची असतात तिथे!

आता थोडे माझ्या विरुद्धचेही लिहिते, कारण नाहीतर माझ्या कार्यालयातले मित्र खाली येऊन लिहितीलच. गेली नऊ वर्षे मी स्वतः मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसते, आणि मोकळ्या केसांची बट दर वाक्याला कानामागे सारणारी उमेदवार समोर असली की तिचे उत्तर ऐकण्याऐवजी माझे लक्ष त्या हाताकडे जाते, हे खरे आहे. शिवाय एकदा मी एका मुलीच्या कागदावर 'विस्कटलेली' असा शेरा लिहिला होता. तिचे केस कुरळे होते, दाट होते, आणि त्या दिवशी पाऊस होता. ती विस्कटलेली नव्हती, तिचे केसच तसे होते. तिला आम्ही घेतले नाही. कारणे इतरही होती, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. घरी येऊन आरशासमोर माझी स्वतःची वेणी सोडताना त्या व्हरांड्यातला दोरा आठवला आणि मला माझीच लाज वाटली. तेव्हा त्या प्रशिक्षकांवर ओरडण्याचा मला अर्धाच अधिकार आहे. तो अर्धा मी पुरेपूर वापरणार आहे.

कारण लांब केस नीट कसे बांधावेत हे त्या गृहस्थांनी सांगितलेच नाही, आणि खरे तर तेवढेच सांगण्यासारखे होते. केस आदल्या दिवशी धुवावेत, मुलाखतीच्या सकाळी नव्हे, कारण एवढे लांब केस पावसाळ्यात दुपारपर्यंत आतून ओलेच राहतात आणि ओल्या केसांची वेणी कुबट वास मारते. तेल चोपडू नये, पण दोन थेंब तळहातावर चोळून भांगाच्या बाजूने उडणाऱ्या बारीक केसांवर फिरवले की ते दिवसभर बसून राहतात. वेणी मानेशी, खाली सुरू करावी. पुण्यात मुली दुचाकीवर जातात आणि डोक्यावर उंच बांधलेला अंबाडा किंवा पोनी हेल्मेटमध्ये मावत नाही, हेल्मेट काढल्यावर तर सगळेच चेपलेले असते. मानेशी घातलेली वेणी मात्र जशीच्या तशी राहते. क्लचर लावू नये, खुर्चीला टेकले की तो मागून टोचतो, आणि एखादीचा ऐन उत्तराच्या वेळी सुटून फरशीवर पडतो (मी पाहिले आहे, आम्ही चौघेही तो उचलायला वाकलो होतो). वेणी खांद्यावरून पुढे घेऊ नये, पाठीवरच असू द्यावी, कारण पुढे घेतली की बोटे तिच्या शेंड्याशी खेळू लागतात. मात्र गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीत ती अडकत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. कुरळे केस कोरडे असताना विंचरूच नयेत, ओलसर असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने विंचरावेत आणि सैलसर बांधावेत. जी वेणी घालायची ती आधी दोन दिवस घालून कॉलेजला जावे, म्हणजे घट्ट झाली तर डोके घरीच दुखेल. आणि पर्समध्ये एक जास्तीचे रबर, चार आकडे. एवढेच. यात कात्री कुठेही येत नाही.

केस सरळ करण्याबद्दलही एकदाचे बोलून टाकते. भाचीने पार्लरला फोन केला तर साडेपाच हजार रुपये सांगितले, आणि वर असे की तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागेही घ्यायचे नाहीत. म्हणजे गुरुवारच्या मुलाखतीला तिने साडेपाच हजार देऊन बटा डोळ्यांवर घेऊन बसायचे. शिवाय त्या प्रक्रियेतल्या काही द्रावणांतून उष्णतेने फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते, पार्लरमध्ये डोळे चुरचुरतात ते त्यामुळेही असते. विज्ञान शाखेच्या मुलीला हे मी सांगायला हवे होते का? पण भर वर्गात हसले गेल्यावर रसायनशास्त्र कोणाला आठवते.

ज्यांना आपखुशीने केस कापायचे आहेत त्यांनी जरूर कापावेत, मी स्वतः पन्नाशीत कमरेपर्यंत आणले आहेत आणि डोके हलके झाले आहे. पोनी बांधणाऱ्या मुलग्यांनाही हाच जाच होतो हे मला ठाऊक आहे. त्यांनाही वरचे सगळे लागू, फक्त त्यांच्यावर वर्ग वेगळ्या कारणाने हसतो.

ती नोकरी मला लागली. पेढ्यांचा खोका घेऊन आलेल्या मुलीला लागली नाही, कारण जागा एकच होती. ती आतून बाहेर आली तेव्हा मी उठून उभी होते. तिने माझ्या वेणीकडे पाहिले, दोऱ्याची गाठ एकदा ओढून पाहिली, एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि जिन्याकडे गेली. मी नाव विचारले नाही. पेढा तोंडात असतानाच मला आत बोलावले गेले, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी गिळून मग दिले.

आत्ता साडेदहा वाजले आहेत. भाची जेवून शांत झाली आहे आणि उद्या वेणीची तालीम करायची असे ठरले आहे. तिच्या नकळत मी तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात मिठाईच्या खोक्याचा एक हातभर दोरा ठेवून दिला होता. तो तिला दहा मिनिटांतच सापडला. "मावशी, माझ्याकडे सहा रबर आहेत," ती म्हणाली. मी म्हटले, असू दे. तुला नाही लागला तर शेजारी बसलेल्या एखादीला लागेल.