पूर्वाभिमुख होडी

काल सकाळपासून माझ्या चहाच्या स्टीलच्या मगात ब्रश उभा आहे. ब्रश उचलला की मगही उचलला जातो. आत फायबर सांधायचं अर्धा किलो रेझिन दगड होऊन बसलंय आणि ते कोणामुळे हे मला व्यवस्थित माहितीये.

ऐरोलीतल्या वन आरकेचं भाडं परत वाढलं, त्यात रात्री-रात्री व्हिडिओ बघून डोकं फिरलं आणि मी बेलापूरला दिवाळे गावाच्या खाडीत एक जुनी 24 फुटी फायबरची होडी घेतली. वर प्लायचं केबिन आहे. डागडुजी करू आणि राहू, हा प्लॅन. दोन महिने शनिवार-रविवार तिथेच झोपतो, म्हणजे पडतो, कारण केबिनच्या सांध्याला चीर आहे आणि शेजारून इंजिनाची होडी गेली की लाट नेमकी उशीवर येते. बुधवारी रात्री पहिल्यांदाच आडवारी राहिलो, म्हटलं सकाळी चीर बुजवू आणि इथूनच महापेला ऑफिसला जाऊ.

शेजारच्या होडीवाल्या नाखवांनी आधीच सांगितलं होतं, "बाला, रेझिन थालीत घे, तांब्यात नको. खोल भांड्यात ता तापतंय." त्यांचं मी ऐकत नाही. ते असंही म्हणतात, "जून लागला का आमच्या होऱ्या वर येतान, आन तू खाली ऱ्हायला चाललास." आता 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यांचं बरोबरच आहे, पण दरवेळी हसत कशाला सांगायचं?

तर काल सात वाजता मी मगात रेझिन घेतलं. हार्डनर शंभर ग्रॅमला एक-दोन ग्रॅम पुरतो, मी घाईत अंदाजाने ओतला. ब्रश बुडवला, आणि जेट्टीवरून आवाज आला.

"राहता इथे?"

पांढरी टोपी, पांढरे शूज, मॉर्निंग वॉक. हातात राजगिऱ्याची चिक्की, कारण काल संकष्टी. होडी जेट्टीपासून वीसेक फुटांवर, त्यामुळे सगळं ओरडून.

"राहणार आहे काका. काम चालूये."

"कार्पेट किती?"

मी येड्यासारखा हिशोब केला. 24 गुणिले 6, पुढे निमुळती. "शंभरेक स्क्वेअर फूट."

"आणि बिल्टअप?"

"काका, भिंतीच नाहीयेत."

"म्हणजे लोडिंग नाही. छान. ओसी आहे? भोगवटा प्रमाणपत्र?"

"होडीला?"

"नाही ना? घाबरू नका. आमच्या बिल्डिंगला अकरा वर्षं नव्हती." मग त्या अकरा वर्षांचा इतिहास झाला, टँकरवाला, सेक्रेटरी, सेक्रेटरीचा मेव्हणा. मी ब्रश हातात धरून हो हो करतोय. मला माणसाला तोडता येत नाही, आईपण अशीच आहे, बँकेच्या लोनवाल्या पोरींनाही जेवलीस का विचारते.

"तोंड कुठल्या दिशेला?"

इथे मी फसलो, कारण हे मला येत होतं. नांगर पुढच्या टोकाला बांधलेला, त्यामुळे होडी प्रवाहाकडे तोंड करते. भरती पश्चिमेकडून आत येते तेव्हा तोंड पश्चिमेला, ओहोटीला पाणी पनवेलकडून उतरतं तेव्हा पूर्वेला. सव्वासहा तासांनी फिरते.

काकांनी चिक्की खायची थांबवली. "दिवसातून चार वेळा? मग देवघर कुठे करणार?"

आणि लाज वाटते सांगायला, पण मी खरंच विचार करत बसलो. फिरतं करावं का, टीव्हीच्या स्टँडसारखं.

तेवढ्यात मगातून धूर आला. हातात धरवेना इतका तापलेला. आपटला खाली, ब्रश आत तसाच. आणि आपटताना जाणवलं की होडी हललीच नाही.

कोकणात साधा हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी, म्हणजे पहाटे 3. सातला पाणी चार तास उतरत होतं, मला आधीच निघायला हवं होतं. आता होडी चिखलात बसलेली, जेट्टीपर्यंत नुसता गाळ. एक पाय टाकून बघितला, गुडघ्यापर्यंत गेला आणि चप्पल तिथेच राहिली. पलीकडे फ्लेमिंगो त्याच गाळात काडीएवढ्या पायांवर निवांत चरत होते. नवी मुंबईत त्यांचं कौतुक सगळ्यांना आहे, माझं कोणालाच नाही.

काका म्हणाले, "खाणार का?" आणि चिक्की फेकली. अर्ध्यातच पडली. मग निघताना वळून नीट बघितलं. "आता पूर्वेला आहे आणि हलतही नाहीये. एक नंबर. असंच ठेवा."

पाणी परत यायला अकरा वाजून गेले. ऑफिसने हाफ डे लावला, साहेबांनी कारण मेलवर मागितलंय, काय लिहू? ब्रश, मग आणि रेझिन गेलं, चीर आहे तशीच आहे. फायबर घासलेला हात परवापासून खाजतोय ते वेगळंच.

काका रविवारी सात वाजता एका वास्तुवाल्याला घेऊन येणार आहेत, तो होकायंत्र आणतो म्हणे. रविवारी सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे सहाला भरपूर पाणी असेल. तेव्हाच वल्ही मारत होडी पार खाडीच्या मधोमध नेऊन ठेवणार आहे, हाक मारली तरी ऐकू येणार नाही इतकी लांब.