अंतर सांगू नका, तास सांगा

लांबच्या विमानप्रवासाचा विषय निघाला की कोणीतरी लगेच किलोमीटर फेकतं. मग ताशी ९०० ने भागाकार, आणि 'हां, म्हणजे चौदा तास' असा निकाल! दोन तासांच्या उड्डाणाला हे खपून जातं. जगाच्या दुसऱ्या टोकाला जायचं असेल तर हा भागाकार सपशेल आपटतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को घ्या. पृथ्वीच्या गोलावरून मोजलं तर जवळात जवळचं अंतर सुमारे १२,४०० किमी. एअर इंडियाचं विमान पूर्वी अटलांटिकवरून जायचं, तेव्हा ते १३,९०० च्या आसपास व्हायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच उलटी केली आणि प्रशांत महासागरावरून विमान नेलं. अंतर झालं १५,३०० किमी. आणि वेळ? साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी!

कारण वारा. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, ताशी २०० किमी किंवा त्याहूनही जास्त वेगाने. विमानाचा वेग असतो तो भोवतालच्या हवेतला. ती हवाच पुढे पळत असेल तर जमिनीवरून बघताना विमान आणखी जोरात जातं, आणि समोरून आली तर तितकंच मागे खेचलं जातं. न्यूयॉर्क–लंडन हा साडेसहा-सात तासांचा प्रवास फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाने पाच तासांच्याही आत संपवला होता. परतीच्या प्रवासात मात्र सात-आठ तास ठरलेलेच. म्हणून मला कोणी 'किती लांब आहे' विचारलं की मी उलट विचारते, जाताना की येताना? आणि थंडीत की उन्हाळ्यात? थंडीत हा वारा जास्त जोर धरतो.

बरं, वाऱ्याचं सोडा, राजकारण तर त्याहून लहरी. रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं २०२२ मध्ये, आणि हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीला थेट उत्तर ध्रुवावरून वळसा घालावा लागला. दोन्ही शहरं होती तिथेच आहेत हो!

तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी हा आणखी एक घोळ. तिथे सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाची असते. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेलं विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेच्या दुपारच्या सुमारास उतरतं. करा वजाबाकी! त्यापेक्षा 'एकूण कालावधी' म्हणून जो आकडा दिलेला असतो तो बघावा. थेट उड्डाण असेल तर धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा वेळही त्यात धरलेला असतो.