गोलाईतलं भूत

ब्रँड म्हणजे बियाण्याची पिशवी नाहीतर गोडेतेलाचा डबा, एवढंच मला ठाऊक होतं. दिवाळीला पुण्याहून आलेला भाचा मुरमुऱ्यांचा सुशीला खाता खाता म्हणाला, "मामा, तुमचा पर्सनल ब्रँडच नाही."

"आहे की! अर्धं लातूर मला लांबून ओळखतंय. ओळखल्याबिगर रस्ता बदलतंय व्हय?"

मी विमा एजंट आहे. अकरा वर्षं झाली. कॅलेंडरं वाटून झाली, पेनं वाटून झाली. फ्लेक्स लावावा तर चौकात वाढदिवसवाल्यांनी जागा शिल्लक ठेवलेली नाही. भाच्याचं म्हणणं पडलं की आता एक साधा व्हिडिओ गेम करायचा. त्यात आपण असायचं, आपला स्वभाव असायचा आणि शेवटी आपला मोबाईल नंबर. लोक खेळतील आणि खेळता खेळता मी त्यांना आवडायला लागेन. हे शेवटचं ऐकून बायको आत गेली. भांड्यांच्या आवाजात हसू लपतं असा तिचा समज आहे.

भाच्यानं लॅपटॉपवर स्क्रॅच उघडलं. अमेरिकेतल्या एमआयटीनं 2007 मध्ये पोरांसाठी काढलेलं ते सॉफ्टवेअर. कोड टाईप करायचा नाही, रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडत जायचं. उघडल्या उघडल्या समोर एक मांजर उभं असतं. आधी ते काढून टाकलं, म्हटलं कामाला निघताना आडवं नको.

पहिली पंचाईत माझ्या चित्राची. सोळा बाय सोळा चौकटींत मला बसवायचं होतं. मी ब्याण्णव किलो. भाचा म्हणाला, "गेममधल्या मारिओला मिशी का आहे, म्हाईत आहे का? 1981 साली पहिल्यांदा त्याला काढलं तवा इतक्या कमी ठिपक्यांत तोंड दिसंना. मग मोठं नाक आन् खाली मिशी. केस काढायला नकोत म्हणून डोक्यावर टोपी."

मला मिशी नाही आणि केसांचा प्रश्न निसर्गानंच सोडवलेला. तेवढ्यात बायको बाहेर येऊन म्हणाली, "बॅग काढ रे. ह्यांना सगळे बॅगेवरूनच ओळखतात." रुंदीच्या सोळापैकी सात चौकटी बॅगेला गेल्या. उरलेल्यात मी.

मग भाच्यानं विचारलं, "स्नेक गेममधला साप खातो, मारिओ उडी मारतो. तुम्ही काय करता?"

"समजावून सांगतो."

"त्याला बटण नसतंय मामा."

शेवटी नकाशा म्हणून लातूरची गंजगोलाई घेतली. मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्यातून फुटलेले सोळा रस्ते. 1917 साली ज्यानं कुणी ही आखणी केली त्यानं एजंटाचा विचार केलेला दिसत नाही. एका गिऱ्हाइकाला पळायला सोळा वाटा! गेममध्ये मी बॅग घेऊन धावायचं आणि गिऱ्हाइकांना गाठायचं, असं ठरलं. दोन दिवस खपून केलेलं काम लाईट जाताच गेलं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आणि भाच्यानं सेव्ह केलेलं नव्हतं. पुण्यात राहून पोरांच्या अंगचं हे वळण जातं.

पुन्हा केलं. खेळून बघायला आई, बायको आणि शेजारचा सहावीतला पोरगा. आईनं दोन मिनिटं मला गोलाईत फिरवलं आणि कंटाळून म्हणाली, "ह्यो बॅगवाला नको बाबा. मला त्या पळणाऱ्याचं काम दे." बायकोही तेच म्हणाली. पोरगा तर मला हातच लावीना. सख्ख्या आईला मी व्हायचं नव्हतं, तिथं गाव काय होणार.

भाच्यानं गेम उलटा केला. आता खेळणारा गिऱ्हाईक आणि मी पाठलागावर. "मामा, हा तर पॅकमॅन झाला!" तो खूष. 1980 सालचा जपानी गेम. त्यात चार भुतं असतात आणि चौघांची चाल वेगळी. लाल भूत सरळ मागे लागतं. गुलाबी भूत मागे लागत नाही. तुम्ही जिकडं तोंड करून आहात तिकडं चार घरं पुढची जागा धरतं. निळ्याची चाल लालवर अवलंबून. आणि नारिंगी भूत लांबून धावत येतं, पण आठ घरांच्या आत आलं की एकदम कच खातं आणि आपल्या कोपऱ्याकडं पळतं.

मी म्हटलं, "ते नारिंगी मी." हप्त्याची रक्कम सांगायची वेळ आली की माझं अगदी हेच होतं. चहा घेऊन परत येतो.

पॅकमॅनला मोठ्या गोळ्या असतात. त्या खाल्ल्या की भुतंच घाबरून पळतात. आमच्या गोळीवर बायकोनं लिहायला लावलं : "आमचा मेव्हणाच एजंट आहे." गोळी घेतली की मी निळा पडून सराफ लाईनच्या दिशेनं पसार. इतका खरा प्रसंग मला सुचला नसता.

शेजारच्या पोराची एकच शंका. "काका, ह्याला तीन जीव आहेत. मग विमा कशाला काढंल?" मी त्याला लाडू देऊन घरी पाठवलं.

लिंक व्हॉट्सॲपवर टाकली. आठवडाभरात गाव खेळू लागलं. पॉलिसी एकही नाही, पण लोक मला चुकवण्यात फार तरबेज झाले. पूर्वी माझ्या हाती लागणारे दोन मास्तर आता वळणावरच नाहीसे होतात.

आणि मग भुसार लाईनच्या एका शेटजींचा फोन आला. हा माणूस मला सात वर्षं सापडलेला नाही. "साहेब, तुमच्या गेमात तिसऱ्या लेव्हलला अडकलालो. तिथून निघायचं कसं?"

"फोनवर नाही कळणार शेटजी. समोर बसून दाखवतो."

"या की मग दुकानावर."

मला कुणी आपणहून 'या' म्हणेल असं वाटलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातला, बॅग घेतली. दुकानात तराजूपाशी मुनीम. "मालक आत्ताच बाहेर गेले बघा." पायरीवर शेटजींच्या चपला होत्या. तुरीच्या पोत्यांच्या थप्पीमागून टुक टुक टुक असा आमच्या गेमचा आवाज येत होता. मग तो घाईनं बंद झाला आणि मागचं दार करकरलं.

"बरं, येतो मग," मी मुनिमाला म्हणालो. रस्त्यावर आलो आणि चार दुकानं पुढं जाऊन, मागची गल्ली जिथं बाहेर निघते तिथं उभा राहिलो.