स्वित्झर्लंडचा दाखला देण्याआधी

२०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने मोटारबंदी असलेल्या माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला आणि तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर माथेरान धुमसतंय. बदलापूरचा मामेभाऊ म्हणतो, आज ई-रिक्षा आल्या म्हणजे उद्या मोटारी येणारच, मग आत्ताच सोडा की वर. मावशीचं म्हणणं, घोडेवाल्यांच्या पोटावर पाय देऊन कसली सुधारणा. रस्त्यावर बसवलेल्या क्ले पेव्हर ब्लॉकवरून, म्हणजे मातीच्या विटांवरून, घोडे घसरतात की नाही यावर दोन दिवस हाणामारी झाली. आणि मग कुणीतरी हमखास स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावाचा व्हिडिओ टाकतं: शांत रस्ते, मागे मॅटरहॉर्नचा डोंगर, एकही मोटार नाही. खाली मजकूर, ‘याला म्हणतात शिस्त.’ लगेच माझं नाव घेऊन विचारणा होते, तू तिकडे राहतोस, तूच सांग.

मी राहतो श्टुटगार्टला, जर्मनीत. बदलापूरहून बघताना श्टुटगार्ट, झरमॅट आणि व्हेनिस हे सगळं एकच ‘तिकडे’ असतं. पण यंदाच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते, मुलीला सुट्टी होती, तेव्हा आम्ही ठरवून या ‘तिकडे’मधूनच निघालो. गाडीने स्वित्झर्लंड, तिथे गाडी ठेवून रेल्वेने इटली, मग उलटं परत. बाबा मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेत. डोंगरापेक्षा त्यांचं लक्ष फलाटाच्या टोकाकडे जास्त. आईचे गुडघे दुखतात. त्यामुळे दोन जिन्यांमधला प्रत्येक फरक आम्हाला न विचारता कळत होता.

पहिला विषय निघाला कांडरस्टेग या स्विस गावात. तिथे डोंगर आडवा येतो आणि रस्ता संपतो. पुढे १९१३ चा लोट्शबर्ग बोगदा आहे, साडेचौदा किलोमीटरचा, फक्त रेल्वेसाठी. आपण गाडी चालवत रांगेत जायचं, फाटकावर तीसेक फ्रँक भरायचे आणि सरळ मालगाडीसारख्या बुटक्या डब्यांवर गाडी चढवायची. हँडब्रेक ओढायचा, काचा वर. पंधरा मिनिटं मिट्ट काळोख, आपण आपल्याच गाडीत बसलेले, की डोंगरापलीकडे गोपनस्टाइनला उतरून पुढे. आरक्षण नाही. अर्ध्या तासाने, गर्दीला त्याआधीही, पुढची गाडी असतेच. बाबा एवढे खूश झाले की त्यांनी बोगद्यातच ग्रुपवर लिहायला घेतलं, पण नेटवर्क नव्हतं.

बाहेर आल्यावर अर्थातच कोकण रेल्वेची रो-रो आठवली. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाड ते गोव्यातलं वेर्णा असे ट्रक रेल्वेवर चढवून नेते, आणि तो प्रयोग खरोखर नावाजण्यासारखा आहे. २०२५ च्या गणपतीत हीच सोय मोटारींसाठी सुरू झाली. भाडं ७,८७५ रुपये, वेळ बारा तास, तीन तास आधी हजर व्हायचं आणि गाडीत न बसता वेगळ्या डब्यात बसायचं. प्रतिसाद थंड होता. ग्रुपचा निकाल तेव्हाच लागला होता: आपल्या लोकांना चांगलं दिलं तरी नको असतं.

मला हे पटत नाही. लोट्शबर्ग चालतं कारण तिथे दुसरा जवळचा रस्ताच नाही आणि सुटका पंधरा मिनिटांत होते. कोलाड कुठे आहे ते बघा. मुंबईकराला रडवणारा पनवेल-इंदापूरचा टप्पा जवळजवळ सगळा पार केल्यावर कोलाड येतं. म्हणजे कंबर मोडून घेऊन आधी तिथवर जा, मग गाडी चढवा. आणि चाकरमान्याचं गाव असतं चिपळूण, राजापूर, कणकवलीच्या आसपास. सुरुवातीला सरळ गोव्यातच उतरायचं होतं, कणकवलीजवळच्या नांदगावचा थांबा नंतर आला. ज्याला देवरुखला मखर आणि गौरीच्या साड्या पोचवायच्या आहेत त्याने वेर्ण्याला जाऊन काय करायचं? त्याने नकार दिला तो हिशेब करून दिला. इथले लोकही असलाच हिशेब करतात. सोय जुळली की शिस्त आपोआप दिसते.

टेशला गाडी ठेवली. झरमॅटच्या खालचं हे गाव, मोटारींसाठी शेवटचं. स्टेशनाला चिकटून दोन हजारांवर गाड्या मावतील असा बंदिस्त वाहनतळ, दर वीस मिनिटांनी शटल, वरती पोचायला बारा मिनिटं. सामानाची ट्रॉली वाहनतळातून ढकलत सरळ रेल्वेच्या डब्यात नेता येते, उंबरठा नाही. आईला एकदाही पाय उचलून टाकावा लागला नाही. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर, म्हणजे मोटारींच्या शेवटच्या थांब्यावर, गाडी लावून अमन लॉज स्टेशनातल्या शटलसाठी तिकिटाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही टेश बघून पोटात कालवाकालव होईल. दोन्हीकडची कल्पना तीच आहे. मोटार खाली, माणूस छोट्या गाडीने वर. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ ची, फिस्प-झरमॅट १८९१ ची, एकाच काळातली भावंडं म्हणा. आपली २०१९ च्या पावसात वाहून गेली ती पुरती सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. तिकडे निसर्ग दयाळू आहे असं मुळीच नाही. २०१८ च्या जानेवारीत हिमस्खलनाच्या भीतीने झरमॅटची वाट बंद झाली आणि सुमारे तेरा हजार पर्यटक वर अडकले होते. पण तीन वर्षं कुणी रूळ तसेच ठेवले नाहीत. बाबा यावर फार काही बोलले नाहीत. खात्याबद्दल घराबाहेर बोलायचं नाही हा त्यांचा जुना नियम, आणि झरमॅट म्हणजे घराबाहेरच.

वर पोचल्यावर मात्र व्हिडिओचा भ्रम उतरतो. झरमॅटमध्ये मोटारी नाहीत, वाहनं भरपूर आहेत. खोक्यासारख्या विजेच्या टॅक्सी, हॉटेलांच्या गाड्या, माल वाहणाऱ्या गाड्या, शेकड्यांनी. आवाज नसल्यामुळे त्या अंगावर येईपर्यंत कळतही नाही. म्हणजे ज्या ई-रिक्षेवरून माथेरानमध्ये भांडण आहे, तिचाच मोठा भाऊ इथे राज्य करतो. घोडेही आहेत, मोजके, मोठ्या हॉटेलांच्या पाहुण्यांची बग्गी ओढायला. माथेरानच्या अश्वपालांना नेमकी हीच भीती आहे की घोडा उरेल तो शोभेपुरता. झरमॅट बघून ती भीती खोटी आहे असं मी कुणाला सांगू शकत नाही. वर गोर्नरग्राटच्या डोंगरावर नेणाऱ्या रेल्वेचं उन्हाळी तिकीट माणशी शंभर फ्रँकच्या वर. आईने रुपयांत हिशेब केला आणि ‘मी खालूनच बघते’ म्हणाली. तिला ओढून न्यावं लागलं.

मग हे गाव असं राहिलं कसं? झरमॅटच्या लोकांनी मोटार-रस्ता मतदान करून नाकारला म्हणून. आणि अशी मतं स्विस माणूस सारखी देत असतो, स्वतःच्या खिशाविरुद्धसुद्धा. महामार्गाचं स्टिकर, म्हणजे त्यांचा वर्षाचा टोल, १९८४ साली लोकांनी मतदानाने मान्य केला. आज तो ४० फ्रँक आहे. सरकारने २०१३ मध्ये तो शंभर करायचं म्हटलं तर लोकांनी हाणून पाडलं. २०२४ च्या नोव्हेंबरात महामार्ग रुंद करायची योजनाही अशीच पडली. त्याच्या दीड महिना आधी मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला होता, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या तोंडावर, मंत्रिमंडळाच्या बैठकीत. आमच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं आली. माफी चूक होती असं नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं भरला त्यांना या निर्णयात कुणी काही विचारलं नाही, आणि ठेकेदाराची भरपाई सरकार आपल्याच करातून करणार, एवढंच.

टोलचा विषय निघालाच आहे तर ‘युरोपात टोल नसतो’ हेही थांबवायला हवं. जर्मनीत मोटारीला नाही, खरंय. त्याचं फळ म्हणजे मोडकळीला आलेले पूल. ए-४५ महामार्गावरचा राहमेडे पूल २०२१ मध्ये बंद करून २०२३ मध्ये सुरुंग लावून पाडावा लागला. त्याआधी सरकारने टोल आणायचा प्रयत्न केला होता, पण भार फक्त परदेशी गाड्यांवर पडेल अशा बेताने. ऑस्ट्रिया कोर्टात गेला, युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये तो रद्द केला आणि ठेकेदारांना २४३ दशलक्ष युरोची भरपाई द्यावी लागली. ओळखीचं वाटतंय ना? इटलीत पावलोपावली टोल आहे. जेनोआचा पूल २०१८ मध्ये कोसळून ४३ माणसं गेली, तो टोलच्याच रस्त्यावर होता. नाका आहे की नाही यावरून रस्त्याचं काही कळत नाही.

रेल्वेचंही तसंच. ‘तिकडे घड्याळ लावून घ्यावं’ हे स्विसांबद्दल म्हणा. माझ्या जर्मनीत २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साडेबासष्ट टक्केच वेळेवर पोचल्या, आणि ‘वेळेवर’ म्हणजे सहा मिनिटांच्या आत. जर्मन गाडी फार उशिरा आली की स्विस लोक तिला सीमेवरच्या बाझललाच थांबवतात आणि पुढे आपली गाडी सोडतात. आमच्या वेळापत्रकाची घाण त्यांना आत नको असते. बाबांना हे कळल्यावर झालेला आनंद मी सहलीत इतर कशानेही झालेला पाहिला नाही.

इटलीबद्दल थोडक्यात. ब्रिगहून सिम्प्लॉनच्या बोगद्यातून मिलान, तिथून वेगवान गाडीने व्हेनिस, सगळं सुरळीत. व्हेनिसमध्ये २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसभरापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो घेतात, आयत्या वेळी आलात तर आता दहा. माथेरानची नगरपरिषद प्रवासी कर कधीपासून घेते. या एका बाबतीत आपण पुढे होतो आणि ग्रुपवर कुणाला त्याचा अभिमान नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात आता पन्नास हजारही लोक राहत नाहीत. कर लावल्याने गर्दी हटल्याचं मला तरी दिसलं नाही.

आता त्या व्हिडिओला माझं उत्तर. झरमॅटचं कौतुक करा, पण मत कुणाचं तेही बघा. तिथल्या जुन्या घराण्यांची एक बुर्गरगेमाइंडे आहे, गावकीसारखी संस्था. हॉटेलं आणि रोपवेमध्ये तिचा मोठा वाटा. त्यामुळे मोटार नाकारून येणारा पैसा नाकारणाऱ्यांच्याच घरात येतो. त्याच हॉटेलांत खोल्या झाडणारे, भांडी घासणारे बरेचसे पोर्तुगीज. वरची भाडी परवडत नाहीत म्हणून त्यातले अनेक खाली दरीत राहतात आणि आपल्याच शटलने कामाला येतात. त्यांना मत नाही. नेरळहून पहाटे चढणाऱ्या माणसाची आणि त्यांची गाठ पडली तर बोलायला भाषा नसली तरी विषय पुष्कळ निघतील.

माथेरानला तर वरच्यांनाही मत नव्हतं. न्यायालयाचा निकाल आला तेव्हा राज्यातल्या नगरपरिषदा प्रशासकांच्या ताब्यात होत्या. निवडणुका वर्षानुवर्षं रखडलेल्या, त्या झाल्या २०२५ च्या डिसेंबरात. माणसाने माणसाला ओढू नये हे न्यायालय म्हणालं ते योग्यच, आणि ते म्हणायला दिल्लीपर्यंत जावं लागलं ही हातरिक्षावाल्यांचीच कमाई, कारण ई-रिक्षेसाठी तेच लढत होते. पण ई-रिक्षा किती, कुठल्या रस्त्याने, घोड्यांना कुठला रस्ता राखीव, दस्तुरीला वाहनतळ केवढा, हे ठरवायला निवडून आलेलं कुणी खुर्चीत नव्हतं. आणि मी? जर्मनीत माझ्याकडे भारतीय पासपोर्ट, तेव्हा इथे मत नाही. भारतात नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष हजर व्हावं लागतं. मला मत मांडायला सांगणाऱ्या ग्रुपवर मत नसलेला बहुधा मी एकटाच.

बाबा परत गेले ते टेशची ट्रॉली डोक्यात घेऊन. दस्तुरी ते अमन लॉज फलाट सपाट करा, ट्रॉल्या ठेवा, असं त्यांनी नव्या नगरपरिषदेला चांगलं दोन पानी लिहिलंय, आकृतीसकट. आईने ते वाचलं आणि विचारलं, मग दस्तुरीच्या हमालांचं काय? न्यायालयाच्या आदेशात ई-रिक्षा पहिल्यांदा हातरिक्षावाल्यांना द्यायच्या आहेत. डोक्यावर बॅगा वाहणाऱ्यांचं नाव त्यात मला आढळलं नाही. बाबा म्हणाले, ट्रॉलीचा ठेका त्यांनाच द्यावा, त्यांची सोसायटी करावी. आई म्हणाली, तसं लिहा मग. पत्र अजून पोस्टात पडलेलं नाही, तिसरं पान चाललंय.