एका टेस्टवर निर्णय नको

मांजरांच्या ल्युकेमियावरच्या (म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवरच्या) लेखात रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे मांजराला ल्युकेमिया झाला असं सरळ लिहिलंय, ते पटलं नाही. ती टेस्ट फेलाइन ल्युकेमिया व्हायरसचं (मांजरांमध्ये ल्युकेमिया घडवू शकणाऱ्या व्हायरसचं) पी२७ हे प्रोटीन शोधते, म्हणजे व्हायरस आहे एवढंच कळतं, कॅन्सर आहे की नाही त्यासाठी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), स्मिअर (काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं) आणि बऱ्याचदा बोन मॅरो (हाडातला मगज) बघावा लागतो. शिवाय काही मांजरांचं शरीर व्हायरस दाबून टाकतं आणि नंतरची टेस्ट निगेटिव्ह येते, म्हणून काही आठवड्यांनी परत टेस्ट, जमलं तर पीसीआरसुद्धा (व्हायरसचं जनुकीय द्रव्य शोधणारी टेस्ट), करायलाच हवी. लागण अगदी नवी असेल तर उलटंही होतं, पहिली टेस्ट निगेटिव्ह येते. आणि लोक पहिल्याच रिपोर्टवर मांजराला इंजेक्शन देऊन संपवायचं ठरवतात हो, फार वाईट वाटतं!!

व्हायरस मुळापासून घालवणारं औषध नाही हे खरंय. पण या व्हायरसमुळे होऊ शकणाऱ्या लिम्फोमाला (लिम्फ पेशींच्या कॅन्सरला) केमो देतात आणि बरीच मांजरं ती चांगली सोसतात, केसही फारसे गळत नाहीत, मिशा जातात कधीकधी. अक्यूट, म्हणजे झपाट्यानं वाढणाऱ्या ल्युकेमियात मात्र केमोचा उपयोग फार कमी, ते डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगावं. ॲनिमियात रक्त चढवायचं तर ब्लड ग्रुप बघितल्याशिवाय नाहीच, मांजरात पहिल्याच वेळी चुकीचं रक्त जिवावर बेतू शकतं. घरातल्या बाकी मांजरांचीही टेस्ट करा, हा व्हायरस मुख्यतः लाळेतून पसरतो, एकमेकांना चाटणं, एकाच वाटीत खाणं वगैरे. माणसाला होत नाही, तेव्हा घाबरून मांजर बाहेर सोडू नका, तिथे ते दुसऱ्या मांजरांना देईल.