मामा, से की टेल?

एखाद्याला इंग्रजी बऱ्यापैकी येतं ही बातमी नातेवाइकांत फुटली, की त्याचं उरलेलं आयुष्य क्रियापदांच्या चौकशी खिडकीवर जातं. शब्दाचा अर्थ विचारणारा परवडतो, त्याला शब्दकोश दाखवून वाटेला लावता येतं. फरक विचारणारा नको. तो कधी सवडीने येत नाही. मेल लिहून झालेला असतो, बोट 'पाठवा'वर टेकलेलं असतं आणि उत्तर त्याला एका ओळीत हवं असतं.

माझी कायमची गिऱ्हाइकं दोन, भाचा आणि वहिनी.

"मामा, सी, लुक, वॉच. तिन्ही म्हणजे बघणंच ना रे?"

बघणंच, पण मराठीत तरी दिसणं आणि बघणं आपण कुठे एक मानतो? समोरून कोणी येताना दिसलं, ते सी. दिसल्यावर मान वळवून मुद्दाम पाहिलं, ते लुक. आणि तो कुणाकडे जातो, हे पडद्याआडून बघत राहिलो, तर ते वॉच. (तिसऱ्या प्रकारात वहिनींचा हात धरणारं कोणी नाही.) हिअर आणि लिसनचंही तेच, एक ऐकू येणं आणि दुसरं ऐकणं. "ऐकतोयस ना?" असं बायको विचारते तेव्हा मी देतो तो होकार हिअरपुरता शंभर टक्के खरा असतो.

से आणि टेलचा उलगडाही घरातच होतो. तो म्हणाला, हे से. त्याने मला सांगितलं, हे टेल. टेलला सहसा समोर ऐकणारा लागतो, से हवेतही चालतं.

वहिनींचे प्रश्न मात्र फौजदारी स्वरूपाचे असतात. "भाऊजी, 'माय पर्स वॉज रॉब्ड' असं लिहिलंय. पाठवू ना?"

"वहिनी, पर्स चोरतात, लुटत नाहीत. लुटतात माणसाला, घराला, बँकेला. तुमच्या वाक्यात पर्सला कोणीतरी वाटेत अडवून तिच्याजवळचा ऐवज काढून घेतलाय."

"मग तसंच झालं की! आतले पैसे गेलेच ना?"

यावर व्याकरणात उत्तर नाही. हॉलमध्ये आजोबांचा फोटो लावला तेव्हा त्यांनी मैत्रिणीला 'वी हँग्ड ग्रँडफादर' असं कळवलं होतं. चित्र किंवा कपडे टांगले तर हंग, माणसाला फाशी दिली तर हँग्ड. मैत्रिणीने सांत्वनाचा फोन केला म्हणे.

पण माझा खरा राग लाय आणि ले या जोडीवर आहे. मुळात यंत्र आपल्यासारखंच होतं. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, चरणे-चारणे. स्वर बदलला की आपण होऊन घडणारी गोष्ट दुसरा कोणी घडवतो. जुन्या इंग्रजीतही अशाच जोड्या होत्या. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे, विशेषतः झाड. (नापासातलं फेल वेगळं. शिवाय फॉलचा भूतकाळही फेलच. मी काय करू?) ड्रिंक म्हणजे पिणे, त्यावरून ड्रेंच म्हणजे पाजणे, आज त्याचा अर्थ चिंब भिजवणे असा झालाय. पाजणाऱ्याचा हात कधीतरी हलला असावा.

त्याच हिशेबाने लाय म्हणजे आडवं होणे आणि ले म्हणजे आडवं ठेवणे. इथवर सगळं सुरळीत. मग लायचा भूतकाळ काय? ले! लेचा लेड. आणि खोटं बोलण्याचा लाय आहेच, त्याचा भूतकाळ लाइड. म्हणजे काल कोणी पुस्तक बाजूला ठेवून पलंगावर आडवा झाला आणि अभ्यास केला म्हणून खोटं बोलला, तर एका दमात लेड, ले आणि लाइड तिन्ही हजर.

"हे माझ्यावरून बोलतोयस का?" भाच्याने विचारलं.

जन्मापासून इंग्रजी बोलणारेही आडवं व्हायला सर्रास 'ले डाऊन' म्हणतात. त्यांना कोणी फोन करून छळत नाही.

छोटी क्रियापदं तर शब्दकोशकारांनाही भारी पडली. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत नुसत्या सेटचे ४३० अर्थ दिलेत. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत गेट, गिव्ह, डू, पुट, सेट, मेक, टेक अशांची यादीच देऊन हात टेकले होते. वादळात हलणारी झाडं पाण्यातल्या प्रतिबिंबावरून रेखाटता येतील तेवढीच यांची व्याख्या करता येईल, अशा अर्थाचं तो लिहितो. त्याला भाचा नसतानाही ही अवस्था.

त्या यादीतलेच डू आणि मेक परवा रात्री दारात आले. आपल्याकडे सगळ्यांना मिळून एक 'करणे' आहे. काम उरकायचं असेल तर डू आणि नवं काही निपजत असेल तर मेक, असं मी ठणकावून सांगितलं.

"मग होमवर्क?"

"डू."

"आणि चूक?"

"मेक."

"म्हणजे होमवर्कमधून नवं काही निपजत नाही, चुकीतून निपजतं?"

"नियम शोधू नकोस. हे सरळ पाठ करायचं असतं."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"मामा, पाठ करणं म्हणजे डू की मेक?"

"दोन्ही नाही. लर्न बाय हार्ट."

"मग लर्न आणि स्टडीत काय फरक?"