कांडी भरणारे हात आणि फीची पावती

लोक हल्ली मुलं का जन्माला घालत नाहीत, यावर व्यासपीठांवरून बरंच बोललं जातंय. दोनवर थांबू नका, तीन होऊ द्या, असा सल्लाही मिळतो. दोष बहुतेक वेळा शिकलेल्या सुनांच्या माथी मारला जातो. मला हे निदानच चुकीचं वाटतं. सोलापुरात राहणाऱ्याला तर त्याचं उत्तर मागाच्या खटखटीत ऐकू यायला हवं.

आधी आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात होणारी सरासरी मुलं, २.० आणि महाराष्ट्राचा १.७ निघाला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला साधारण २.१ लागतो. १९९२-९३ च्या पहिल्या सर्वेक्षणात देशाचा आकडा ३.४ होता. तीस वर्षांत एवढी घसरण नुसत्या प्रचाराने होत नाही. घराचा हिशेबच उलटावा लागतो.

तो कसा उलटला, हे सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, नीट दिसतं. हातमागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा धावतो आणि धोट्यात त्या सुताची कांडी, म्हणजे छोटं रीळ, असतं. जाड सूत असलं की कांडी काही मिनिटांत रिकामी होते. मजुरी नगावर, म्हणजे माग थांबला की कमाई थांबली. त्यामुळे मागाशेजारी चरख्यावर बसून सतत कांड्या भरणारं कुणीतरी लागायचंच. बाहेरचा माणूस ठेवला तर त्याची मजुरी द्यायची. घरातलं आठ वर्षांचं पोर बसवलं तर ते पैसे घरातच राहायचे. तुटलेली तार जोडायला आणि लड उकलायलाही लहान बोटं बरी पडत.

विडीच्या घरातही तेच. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मिटायचं, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे. वळणं आईचं, पण दोरा, तोंड आणि मोजणी पोरींकडे. मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि खराब विडी तपासणीत छाटली जाते, म्हणून मदतीचा एक हात वाढला की दिवसाचा हजार पुरा होई. १९८६ च्या बालमजुरी कायद्याने विडीचं काम धोक्याच्या यादीत टाकलं खरं, पण कुटुंबाच्या मदतीने घरी चालणाऱ्या कामाला सूट ठेवली. घराघरातली पोरं त्या सवलतीमुळे तशीच कामाला बसत राहिली.

ते दिवस चांगले होते, असं मी अजिबात म्हणत नाही. तंबाखूच्या धुळीत बसलेल्या मुलींची शाळा बुडाली, ती परत मिळाली नाही. पण घराच्या वहीत मूल जमेच्या बाजूला होतं, एवढं मान्य करावं लागेल.

मग यंत्र बदललं. यंत्रमाग आले, कांड्या भरायलाही यंत्र आलं. पुढे टॉवेल-चादरीसाठी रॅपियर माग आले. रॅपियरला धोटाच नाही, आडवं सूत थेट कोनावरून, म्हणजे शंकूसारख्या मोठ्या रिळावरून, ओढलं जातं. धोटा गेला तशी कांडी गेली आणि कांडी भरणाऱ्या पोराचं कामही गेलं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, पण त्याआधीच आईबापांनी ठरवलं होतं की पोरगं मागावर बसवायचं नाही.

ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७६ मध्ये हेच मांडलं होतं. संपत्ती मुलांकडून आईबापांकडे वाहते तोवर जास्त मुलं परवडतात. प्रवाह उलटा झाला की जन्म कमी होतात. आणि तो उलटवण्यात सार्वत्रिक शाळेचा वाटा मोठा असतो.

आता आजचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे घाला. नर्सरीपासून दहावीपर्यंत १३ वर्षं, वर्षाला २५,००० फी धरली तर ३,२५,०००. रिक्षा महिना ८००, वर्षाचे १० महिने, म्हणजे १,०४,०००. पाचवी ते दहावी शिकवणी वर्षाला १०,००० प्रमाणे ६०,०००. झाले ४,८९,०००. यात आजारपण नाही, वह्या-पुस्तकं नाहीत, अकरावीनंतरचं काहीच नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागेवर नंबर लागला तर दिलासा मिळतो, पण तो आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी समोर येते आणि तिथेच अनेक घरं कोलमडतात. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या काही प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ झाली, हा निर्णय उत्तम आहे. मात्र मेस आणि खोलीभाडं राहतंच, आणि तिथवर पोहोचण्याआधीचा खर्चही.

एवढं करून पोरगं नोकरीला लागतं ते पुण्यात. तिथे डिपॉझिट, भाडं, पुढे फ्लॅटचा हप्ता. महिन्याअखेर सोलापूरला पैसे येण्याऐवजी बऱ्याचदा इथूनच तिकडे जातात.

बाईचा खर्च तर कुणी धरतच नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण घरी विडी वळणारीला किंवा छोट्या कारखान्यात टॉवेल शिवणारीला ती कोण देणार? मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात. बुडालेल्या मजुरीपुढे हे काही नाही. तिसरं मूल हवं म्हणणाऱ्यांनी आधी वस्तीत दिवसभर चालणारं पाळणाघर उघडावं.

राहिला म्हातारपणाचा प्रश्न, कारण मूल हे पेन्शनही होतं. इथे माझं म्हणणं ठाम आहे: त्या पेन्शनवर विसंबू नका. असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन योजना आहे. १८ व्या वर्षी नाव घातलं तर महिना ५५, २९ व्या वर्षी १००, चाळीसाव्या वर्षी २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार घालतं आणि साठीनंतर महिना ३,००० मिळतात. उत्पन्न महिना १५,००० च्या आत हवं. पीएफ कापला जाणाऱ्या विडी कामगार बाईला मात्र ही योजना मिळत नाही, हे अनेकींना उशिरा कळतं. तिचं पेन्शन पीएफचं, त्याला १० वर्षं सेवा लागते आणि किमान रक्कम आजही १,००० आहे. तेही अडकतं ते नावावरून: आधारवर माहेरचं, पीएफला सासरचं, किंवा घराण्याचं नाव कधी आधी कधी नंतर. हे दुरुस्त करायचं तर आजच, साठीला नाही. पीएफ असूनही अटल पेन्शन घेता येते, वय चाळीसच्या आत हवं आणि आयकर भरणारे नकोत. पंचविशीत सुरू करून महिना ३७६ रुपये भरले तर साठीनंतर महिना ५,००० मिळतात. खात्यात शिल्लक नसली की हप्ता उडतो, एवढी काळजी घ्या.

आणि एक. राहतं घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करणार असाल तर आईवडिलांना सांभाळण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली असा दस्त रद्द करता येतो, पण अट कागदावर नसली की तीच सिद्ध करत बसावं लागतं.